शब्दांच्या गायरानाला कुंपण नको

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज भावावर बोलणार नाही. भाव मिळवायला निघालेल्या शेतकऱ्याच्या वाटेत एक नवी अडचण उभी राहते आहे, तिच्यावर बोलणार आहे. आपल्यातले काहीजण आता नुसती ज्वारी विकत नाहीत. तिचे पीठ, रवा, बिस्किटे करून विकतात. बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या पुड्यांवर नाव छापू लागल्या आहेत. नाव छापले की कधी ना कधी वकिलाची नोटीस येऊ शकते. 'हा शब्द आमच्या मालकीचा आहे. वापर बंद करा, नुकसानभरपाई द्या.' शब्द तर आपल्या आजीच्या तोंडातला! मग तो कंपनीचा झाला केव्हा?

हे समजायचे तर मुंबईच्या हार्बर लाइनवर जावे लागते. रे रोडला ब्रिटानियाच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बिस्किटे भाजली गेली. पुढचे स्टेशन कॉटन ग्रीन. तिथे कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि कापसाच्या वखारी. आपल्या कापसाची वाट तिकडूनच जायची. आणखी दोन स्टेशनांवर वडाळा, आणि तिथून जवळच अँटॉप हिल. तिथल्या बौद्धिक संपदा भवनात ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्य कार्यालय आहे. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, तसा शब्दांचा सातबारा इथे.

इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने विकला जायचा. ऊमरा म्हणजे आपली अमरावती. साहेबाच्या तोंडात तिचा ऊमरा झाला. हिंगणघाटच्या कापसाचेही तसेच नाव होते. ही नावे कोणा कंपनीने जाहिरात करून कमावली नव्हती. काळ्या मातीने आणि ती कसणाऱ्याने ती कमावली. मालाचे नाव असे लोकांच्या वापरातून घडते, हे ध्यानात ठेवा.

म्हणून मी ट्रेडमार्कच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. बोगस बियाण्याने पोळलेला शेतकरी असे म्हणणार नाही. नामांकित कंपनीच्या पाकिटासारखे पाकीट, एका अक्षराचा फरक, आणि आत कचरा: हे आपण भोगले आहे. ज्याने मेहनतीने नाव कमावले, त्याच्या नावावर दुसऱ्याने माल खपवू नये, यासाठी चिन्हाला संरक्षण हवेच. तक्रार वेगळी आहे. स्वतःच्या वावराला कुंपण घालावे. गावच्या गायरानाला नाही. 'ताजे', 'गोड', 'गावरान', 'घरगुती', 'दिवस चांगला' हे शब्द गायरान आहेत.

आता काही खटले बघा. ब्रिटानियाचे 'गुड डे' बिस्कीट तुम्हाला माहीत आहे. युनिबिक कंपनीने 'ग्रेट डे' काढले आणि जाहिरात केली, की 'ग्रेट डे' मिळत असताना 'गुड डे' कशाला? 2008 साली प्रकरण न्यायालयात गेले आणि जाहिरात रोखली गेली. दुसऱ्याच्या मालाची टिंगल करू नये, हे ठीक. पण दोन साध्या शब्दांना चिकटलेले नाव किती लांबपर्यंत भांडायला लावते, तेही पाहा.

दुसरा खटला मुंबईच्याच मॅरिको कंपनीचा. आपल्या करडईच्या तेलाने मोठी झालेली ही कंपनी. तिने 'लोसॉर्ब' हा शब्द नोंदवला. अॅग्रोटेक कंपनीने तेलाच्या पुड्यावर 'लो अॅब्सॉर्ब' लिहिले. म्हणजे तळताना तेल कमी शोषले जाते. मॅरिकोने दावा लावला. 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला. मालाचा गुण सांगणारा शब्द थोडा मोडून-जोडून घेतला म्हणून तो नवा होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

तिसरा, 'शुगर फ्री'चा. कॅडिला कंपनीने गुजरातच्या दूध उत्पादकांच्या अमूलवर दावा लावला. बिनसाखरेच्या पदार्थाला बिनसाखरेचा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? दिल्ली उच्च न्यायालयाने 2008 मध्ये वर्णन म्हणून शब्द वापरू दिला. पण तो स्वतःच्या नावापेक्षा ठळक छापू नका, असे बजावले.

आणि आपलेही कान धरू या. कर्नाटकच्या दूध महासंघाने, म्हणजे शेतकऱ्यांच्याच संस्थेने, 'नंदिनी' नावावरून एका हॉटेलवाल्याशी भांडण काढले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलवाल्याची बाजू मान्य केली. नंदिनी हे देवतेचे, गाईचे नाव. दुधाचा धंदा वेगळा आणि हॉटेलचा वेगळा. कुंपणाचा मोह फक्त शेठजीलाच होतो असे नाही.

मग कायदा काय म्हणतो? 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम 9 सांगते, की मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा गाव सांगणारा शब्द, तसेच व्यापारात रूढ झालेला शब्द, सहसा नोंदवता येत नाही. दीर्घ वापराने तो त्याच मालाची ओळख ठरला, तर मात्र नोंदतो. कलम 30 सांगते, की नोंदलेला शब्दही प्रामाणिकपणे वर्णनासाठी वापरता येतो. कलम 34 सांगते, की नोंदणीवाल्याच्या आधीपासून जो सतत वापरतो आहे, त्याला हटवता येत नाही. कायदा म्हणजे निव्वळ वैरी नाही. वैरी आहे आपले अज्ञान आणि लांबचे कोर्ट.

लांबचे कोर्ट का? कलम 134 प्रमाणे नोंदणीवाली कंपनी आपला धंदा जिथे आहे तिथल्या कोर्टात दावा लावू शकते. पुडा विकला यवतमाळात, तारीख मुंबईला! वकिलाची फी, गाडीभाडे आणि पेरणीचा बुडालेला दिवस यांचा हिशेब केला, तर खरा शब्दही सोडून द्यावासा वाटतो. निकाल लागण्याआधीच लहान माणूस हरतो. 2019 साली पेप्सीने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीच्या वर दावे लावले होते. तो मामला ट्रेडमार्कचा नव्हता, वाणाच्या हक्काचा होता. देशभर ओरड झाली तेव्हा कंपनीने ते दावे मागे घेतले. ज्याच्यासाठी ओरड होत नाही, त्याचे काय?

म्हणून नोटीस आली तर घाबरून सही करू नका. नोंदणीचा क्रमांक आणि वर्ग मागा. पीठ-बिस्किटांचा वर्ग 30, बियाणे व कच्चे धान्य 31. कंपनीची नोंद कुठल्या वर्गात आहे ते तपासा. जुनी बिले, जुने पुडे, तारखेसह जपून ठेवा. पुड्यावर स्वतःचे नाव मोठे आणि मालाचे वर्णन लहान छापा. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम 142 खाली आपणही कोर्टात जाऊ शकतो. पण कंपनीने तातडीने दावा लावला, तर त्या कलमाचा आधार उरत नाही. आणि कोणी आपला शब्द नोंदवायला निघालाच, तर जर्नलमध्ये जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते. त्या जर्नलवर नजर ठेवायचे काम प्रत्येक जिल्ह्यात कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे.

बियाण्याबाबतही एक लक्षात ठेवा. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बी राखण्याची, पेरण्याची, देण्याघेण्याची, विकण्याची मोकळीक आहे; फक्त त्या वाणाचे नाव छापलेल्या पाकिटात विकता येत नाही. बी तुमचे, नाव दुसऱ्याचे. नावाची किंमत यावरून कळावी.

मग आपण नावे सोडून द्यायची का? नाही, एकत्र येऊन धरायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव एका शेठजीचे नाही, त्या टापूत पिकवणाऱ्यांचे आहे. अमरावतीने ऊमरा जगाला दिला आणि तिच्या हाती काही उरले नाही. ती चूक पुन्हा नको.

मागणी तीन शब्दांत सांगता येते: दावा आमच्या जिल्ह्यात. व्यापारात परवान्याचे राज्य नको म्हणून आपण लढलो. भाषेतही ते नको. माल आमचा, मेहनत आमची, आणि त्याला हाक मारायचा शब्दही आमचाच!