शिकाऱ्याचाच चेहरा लावणारा पतंग

मागच्या आठवड्यात रात्री उशिरा काम करत होतो, तर मॉनिटरवर एक छोटा कोळी आला. जाळं न विणणारा, उड्या मारणारा. मी माउस हलवला की पठ्ठ्या कर्सरच्या मागे! या कोळ्यांना आठ डोळे असतात, समोरचे दोन मोठे. शिकार करतात ती बघून, नेम धरून.

आता याच डोळ्यांना फसवणारा एक पतंग आहे. पतंग म्हणजे उडवायचा नाही हं, दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. नाव ब्रेंथिया हेक्सासेलेना, राहतो मध्य अमेरिकेत, कोस्टा रिकाच्या जंगलात. जेमतेम नखाएवढा. पुढचे पंख मोराच्या पिसाऱ्यासारखे उचलून धरतो, मागचे फिरवून पसरतो. पंखांच्या कडेला काळे चमकदार ठिपके, ते झाले डोळे. पट्टे झाले पाय. वरून चालही तशीच, झटक्याझटक्याने. समोरून बघाल तर सेम उड्या मारणारा कोळी! म्हणजे जो याला खातो, त्याचंच सोंग.

जाद्रांका रोटा आणि डेव्हिड वॅग्नर यांनी हे तपासून पाहिलं, २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी कोळ्यांसमोर हे पतंग ठेवले, आणि तेवढेच मोठे दुसरे पतंगही. ब्रेंथिया जास्त वाचले. काही कोळ्यांनी तर त्यांना बघून पुढचे पाय उंचावले. कोळी असं दुसऱ्या कोळ्याला करतात, 'ही माझी जागा आहे' असं सांगायला.

मला प्रश्न पडला, एवढी चांगली नजर असून कोळी फसतो का? मला वाटतं, उत्तर चुकीच्या किमतीत आहे. पतंग सोडला तर एक जेवण हुकलं. पण खऱ्या कोळ्यावर झेप घेतली तर आपलंच जेवण व्हायचं!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळतं. रात्री तीनला अलर्ट वाजतो, बहुतेक वेळा खोटाच निघतो. एकदा मी तो बंद करून झोपलो. नेमका खरा होता. सकाळपर्यंत लोकांची पेमेंट्स अडकलेली. तेव्हापासून खोटा वाटला तरी उठतो. चिडचिड होते, पण उठतो.

म्हणून त्या कोळ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. आणि हो, मॉनिटरवरच्या पाहुण्याला मी हाकललं नाही.

तुमच्या भिंतीवर असा कोणी दिसला, तर चप्पल उचलण्याआधी नीट बघा. भेटू पुढच्या भागात!