टाकी आधी काट्यावर

मागच्या दिवाळीत आमच्या घरची गॅसची टाकी वीस दिवसांत संपली. सासूबाई म्हणाल्या, फराळाचं तळण झालं, संपणारच. मलाही ते पटलं. मग बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझीबी टाकी लवकर गेली गं. मला वाटलं, सून जपून वापरत नाही." त्यावरून त्यांनी सुनेला चार शब्द ऐकवलेही होते. तेवढ्यात तिसरी बोलली, चौथी बोलली. टाकीत काय कमी आहे ते कोणीच पाहिलं नव्हतं, बोलणी मात्र घरोघरी बाईनेच खाल्ली होती.

टाकी तोलणं अवघड नाही. टाकीच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो गॅस मिळवायचा. समजा पट्टीवर १५.३ आहे, तर भरलेली टाकी २९.५ किलोच्या आसपास हवी. तिथेच एखादं अक्षर आणि आकडा असतो, म्हणजे सी-२७ असा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. सी-२७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत टाकीची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी घेऊच नका.

आम्ही पुढच्या खेपेला आठ टाक्या सोयाबीनच्या काट्यावर तोलल्या. तीन कमी भरल्या, एक तर सव्वा किलोने. (काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, ते आधी बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी व्हावी लागते.) आमच्यातली एकजण यापूर्वी एकटी एजन्सीत गेली होती. "बाई, घरी गळती असेल," म्हणून तिला परत पाठवलं. या वेळी आम्ही अकराजणी वही घेऊन गेलो. तारीख, पावती नंबर, पट्टीवरचं वजन, काट्यावरचं वजन, सगळं लिहिलेलं. तीन टाक्या बदलून मिळाल्या आणि आता गाडीबरोबर काटा येतो. टाकी आणणाऱ्या पोरावर मात्र तुटून पडू नका. गॅस वाटेत कुठे कमी झाला, हे त्यालाही माहीत नसेल.

बायका एकत्र आल्या की दुकानदारालाच काय, सरकारलाही ऐकावं लागतं. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा ग्राहक कायदा नव्हता. तो १९८६ साली आला, आणि आता २०१९ चा नवा कायदा आहे. एजन्सीने दाद दिली नाही तर १९१५ या नंबरवर फोन करा, मराठीत बोला. वजनाची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयातही करता येते. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पावती मात्र जपून ठेवा. माझी पहिली पावती चुलीत गेली, म्हणून त्या दिवाळीच्या टाकीचं काहीच करता आलं नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या टाकीच्या पट्टीवरचे आकडे कागदावर उतरवून आणा. आमची वही सध्या काकूंची सून लिहिते.