हजारांवर डाउनलोड, गिऱ्हाईक किती?

(भालकी येथे मराठीचे शिक्षक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘मराठी आणि नवी माध्यमे’ असा विषय दिला आहे. विषय ऐसपैस आहे. मी त्याचा एक कोपरा घेतो : मोबाइलवरचे कोड्यांचे खेळ, आणि ते किती जणांनी उतरवून घेतले व किती जणांनी विकत घेतले या दोन आकड्यांमधलं अंतर. मराठीच्या मेळाव्यात हा दुकानदारी हिशेब कशाला, असं वाटेल. पण या दोन आकड्यांत माझ्याकडून एक लबाडी झाली आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचं काम करतो. आम्ही दोघांनी मिळून मराठी शब्दकोड्यांचा एक छोटा खेळ केला. शब्द आणि सूचक वाक्यं माझी, बाकी सगळं त्याचं. पहिली वीस कोडी फुकट, पुढची हवी असतील तर तीस रुपये. गूगलच्या प्ले स्टोअरवर नेमका आकडा लोकांना दिसत नाही, टप्पे दिसतात : ५००+, १,०००+, ५,०००+ असे. हजाराचा टप्पा दिसला तेव्हा मी शिक्षकखोलीत पेढे वाटले. पैसे दिलेली माणसं मात्र आज इथे बोलावली असती, तर पहिल्या दोन रांगांतही खुर्च्या उरल्या असत्या.

त्याच सुमारास एका अनुदानाचा अहवाल लिहायचा होता. मी लिहिलं, ‘या उपक्रमातून आम्ही एक हजाराहून अधिक मराठी वाचकांपर्यंत पोहोचलो.’ हजार हा आकडा खरा होता. ‘वाचक’ हा शब्द खोटा होता. अहवाल मंजूर झाला, कुणी काही विचारलं नाही. पण विद्यार्थ्याने तो वाचला आणि मला विचारलं, “सर, हे हजार जण कोण?”

हा प्रश्न आमच्याआधी बऱ्याच जणांना पडलेला आहे. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमन यांनी ‘पीसी-टॉक’ नावाची प्रणाली लोकांना वाटली. हवी तितकी वाटा, उपयोगी पडली तर २५ डॉलर पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या बॉब वॉलेस यांनी ‘पीसी-राइट’ हे लेखनाचं साधन काढलं आणि या पद्धतीला ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ केलं. वॉलेसची युक्ती मला फार आवडते. तबकडी १० डॉलरला, रीतसर नोंदणी ७५ डॉलरला. नोंदणी करणाऱ्याने आपली प्रत पुढे दिली आणि त्या प्रतीवरून दुसऱ्याने नोंदणी केली, तर पहिल्याला २५ डॉलर परत. म्हणजे फुकट वाटणाऱ्यालाच त्यांनी विक्रेता करून टाकलं. आपल्या बाजारात बोरं विकणारी बाई आधी दोन बोरं हातावर ठेवते, चव बघा म्हणते, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच की बाईला समोरचा माणूस दिसतो. त्याने तोंड वाकडं केलं तर तेही दिसतं.

खेळांच्या बाबतीत या पद्धतीला खरं वळण दिलं स्कॉट मिलर यांनी. आधी ते पूर्ण खेळ देत आणि पैशांची विनंती करत. फारसं कुणी पाठवत नसे. मग १९८७ साली ‘किंगडम ऑफ क्रोझ’ हा चक्रव्यूहाचा खेळ काढताना त्यांनी पहिला भाग फुकट सोडला आणि पुढच्या भागांना किंमत लावली. आमची ‘वीस कोडी फुकट’ ही कल्पना म्हणजे त्याचीच नात. आम्हाला तेव्हा ते ठाऊकही नव्हतं.

आता अलीकडचं एक उदाहरण सांगतो. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा २०१४ सालचा कोड्यांचा खेळ जगभर नावाजला गेला. तो सुरुवातीपासून विकतच होता, फुकट नव्हता. २०१५ च्या जानेवारीत तो करणाऱ्या लंडनच्या कंपनीने सांगितलं की अँड्रॉइड फोनांवर बसलेल्या प्रतींपैकी जेमतेम ५ टक्के विकत घेतलेल्या आहेत, आयफोनवर ४० टक्के. लोक लगेच म्हणाले, बाकी सगळे चोर. कंपनीनेच मग खुलासा केला की एकाच माणसाकडे फोन असतो, टॅब्लेटही असतो, एकदा पैसे भरून तो दोन्हींवर खेळ बसवतो. चोरी होतीच, पण सगळं अंतर चोरीचं नव्हतं.

‘वर्ल्ड ऑफ गू’ या खेळाच्या दोघा निर्मात्यांनी तर २००९ साली खेळाच्या पहिल्या वाढदिवशी किंमतच गिऱ्हाइकावर सोडली. एरवी २० डॉलरचा खेळ, आता वाटेल ते द्या. आठवड्याभरात सुमारे ५७,००० जणांनी घेतला आणि सरासरी पडली दोन डॉलरच्या जरा वर. हजारो लोकांनी एकच सेंट दिला. इतकं कमी का, असं विचारल्यावर अनेकांनी उत्तर दिलं की आत्ता एवढंच परवडतं. या उत्तरावर मी बराच वेळ थांबलो, कारण आमच्या हजार जणांतही अशी माणसं असणार हे मी धरलंच नव्हतं.

मग आम्ही आमचेच आकडे उलगडून पाहिले. कुणी उतरवून त्याच दिवशी काढून टाकला होता. कुणी फोन बदलला होता. उघडून तिसऱ्या कोड्यावर सोडून देणारे तर पुष्कळच. तिसऱ्याच कोड्यावर का? त्यातला एक शब्द होता ‘अमृततुल्य’. पुण्यातल्या माणसाला त्यात चहाचं दुकान दिसतं. भालकीच्या पोराला काय दिसणार? मी स्वतः इथला असून पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी कोडं घातलं होतं. पुण्याचा कुणी विकत घेईना आणि इथला कुणी पुढे जाईना.

पैसे न देण्यामागे आणखी एक जुनी सवय आहे. मराठी शब्दकोडं आपण कधी सुटं विकत घेतलंच नाही. ते वर्तमानपत्राबरोबर येतं, दिवाळी अंकाच्या मागच्या पानावर असतं. उखाणा आजी घालते, ओगटू शेजारच्या कानडी घरातून येतो, त्याला कुणी दाम मोजत नाही. अशा मुलखात कोड्याचे तीस रुपये मागणं म्हणजे वाटेवरच्या विहिरीवर तिकीट लावणं. शिवाय मुलांच्या हातातला फोन वडिलांचा, आणि यूपीआयचा आकडा वडिलांच्या डोक्यात.

तरीही मी म्हणतो की विक्री मोजली पाहिजे, कारण मराठी कोडं करणं स्वस्त नाही. ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. आपल्या कोड्यात तो तीन चौकोनांत बसतो : क्षि, ति, ज. यंत्राला तो सात चिन्हांचा दिसतो : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. ‘स्त्री’ आपल्याला एक चौकोन, यंत्राला सहा चिन्हं. इंग्रजी खेळाचा आयता साचा आणला तर तो ‘स्त्री’चे सहा तुकडे करतो. अक्षर म्हणजे काय हे यंत्राला शिकवण्यात माझ्या विद्यार्थ्याच्या कित्येक रात्री गेल्या. प्ले स्टोअरची नोंदणी २५ डॉलर, ती एकदाच. तीस रुपयांतले १५ टक्के, म्हणजे साडेचार रुपये, दुकानाचे. उरलं त्यात त्या रात्रींचा हिशेब बसत नाही. दुसरा खेळ त्याने केला तो इंग्रजीत. मी त्याला दोष देत नाही, पण एक मराठी कारागीर आपल्या हातून गेला आणि माझ्या अहवालात मात्र हजार वाचक मिळाले.

उलटी चूकही होते, तीही सांगतो. एकदा मधल्या सुट्टीत पाहिलं तर एका फोनभोवती पाच मुली बसल्या होत्या. एक डाउनलोड, शून्य विक्री, पाच डोकी. शब्दावरून भांडण जुंपलेलं. हे कुठल्याच आकड्यात येत नाही.

भालकीला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. निजामाच्या काळात डॉ. चन्नबसव पट्टदेवरूंनी शाळेबाहेर उर्दूची पाटी लावली आणि आत कन्नड शिकवलं, ही गोष्ट इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. बाहेरून मोजणाऱ्याने उर्दूची एक शाळा मोजली असती. माझ्या अहवालाचं उलट झालं होतं. पाटी मराठीची होती, आत किती जण बसलेत ते मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या अहवालात मी चार आकडे वेगवेगळे लिहिले : उतरवून घेणारे, फोनवर ठेवणारे, वीस कोडी पुरी करणारे आणि पैसे देणारे. चौथा आकडा लिहिताना संकोच वाटला. अनुदान कमी होईल अशी भीतीही होती. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

‘अमृततुल्य’ मी काढून टाकलं. त्या जागी चार चौकोन आहेत आणि सूचक वाक्य असं : ‘शेतात भज्जी, आंबील आणि पाहुणे.’ पुण्याच्या माझ्या मेहुण्याला दोन दिवसांत ते सुटलं नाही, त्याने फोन करून उत्तर विचारलं. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी आत्ताच ओठ हलवून ‘येळवस’ म्हणाली. तिच्या फोनवर आमचा खेळ आहे की नाही, ते मी विचारलेलं नाही.