चाक फिरवतं कोण?



विद्युत अभियंत्यांच्या मेळाव्यात गुरुत्वाकर्षणावर फिरणाऱ्या चाकाचा आराखडा घेऊन कोणी ना कोणी येतोच. अलीकडे त्या चाकाला हायड्रोजनची जोड मिळाली आहे. चाकाने वीज करायची, विजेने पाण्याचं विघटन करायचं, आणि इंधन फुकटात! या माणसाला आपण हसतो, ते मला पटत नाही. त्याचं घराणं मोठं आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पोकळ आऱ्यांमध्ये अर्धा पारा भरलेलं, आपोआप फिरणारं चाक सांगितलं आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ, पाटण्याला आहे.

हसू नये, पण हिशेब मागावा. खाली येणारी वजनं आसापासून लांब सरकतात, हे आराखडा आणणाऱ्याचं म्हणणं खरं. मात्र त्या बाजूला ती संख्येने कमी उरतात, हे आराखड्यात दिसत नाही. दोन्ही बाजू तुल्यबळ होतात आणि उरलेली गती घर्षण खातं.

आता आकडे. एक किलो हायड्रोजनला आजच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये साधारण ५० युनिट वीज लागते. एक टन वजन दहा मीटर खाली आलं तर मिळतात ०.०२७ युनिट. म्हणजे एका किलोसाठी सुमारे १,८०० टन दहा मीटर खाली यायला हवेत. आणि मग ते परत वर कोण चढवणार? सगळा प्रश्न एवढाच आहे.

कोयना जलविद्युत प्रकल्पात याचं उत्तर आहे. तिथे वजन सूर्य चढवतो; बाष्प, ढग आणि सह्याद्रीवरचा पाऊस. पोफळीच्या वीजगृहात पाणी पावणेपाचशे मीटर खाली येऊन टर्बाइनच्या चाकावर आदळतं. गुरुत्वाकर्षणावर चालणारं चाक ते हेच, फक्त त्याला पेटंट मागायला कोणी येत नाही. या उंचीवरून एक किलो हायड्रोजनची वीज करायला चाळीस हजार लिटरांहून अधिक पाणी खाली यावं लागतं. प्रत्यक्ष विघटनाला लागतं नऊ लिटर.

पाण्याच्या विजेतून हायड्रोजन करण्याचा प्रयोग देशात झालेला आहे. पंजाबात नांगलला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून भाक्रा धरणाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवत; जड पाणीही तिथेच निघे. पुढे विजेला इतर गिऱ्हाइकं वाढली आणि खतासाठीचा हायड्रोजन आधी इंधन तेलापासून, नंतर नैसर्गिक वायूपासून होऊ लागला. आज हरित हायड्रोजन नवा म्हणून मिरवतो तेव्हा मला नांगल आठवतं.

कोयनेच्या विजेलाही तशीच इतर गिऱ्हाइकं आहेत, म्हणून ती हायड्रोजनवर घालवायला माझा विरोध आहे. संध्याकाळी राज्याची मागणी चढते तेव्हा मिनिटांत धावून येणारी ती वीज आहे. तिचा हायड्रोजन करून पुन्हा वीज केली तर निम्मीसुद्धा हाती लागत नाही. घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पात पाणी वर चढवून ठेवलं तर तीन चतुर्थांशाच्या आसपास परत मिळते. हायड्रोजन लागतो तो खताला, तेल शुद्धीकरणाला, पोलादाला. तो दुपारच्या जास्तीच्या सौर विजेतून करावा.

दुपारच्या सत्रात चाकाच्या काही प्रतिकृती मांडल्या आहेत. परीक्षकांनी प्रत्येकाला वजन परत वर कोण चढवणार, हा एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तराला पुरेसा वेळ द्यावा.