उमेदवारीचे तीन महिने
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला 'आपली मुले आणि त्यांच्या नोकऱ्या' हा विषय सुचविला होता. तो एवढा विस्तृत आहे की त्यावर सांगोपांग बोलू गेल्यास खालच्या मजल्यावरील पंगतीचा मसालेभात निवून जाईल. म्हणून आम्ही त्याचा एक लहानसा भाग निवडला आहे. आपल्याच मंडळातील एका कुटुंबातील कन्येने २०२३ साली संगणकक्षेत्रातील एक पाठ्यवृत्ती मिळविली आणि तीन महिने येथे विशाखापट्टणात, घरच्या घरी बसून, परदेशांतील मंडळींबरोबर काम केले. तिचा हा अनुभव आम्हांला जवळून पाहावयास मिळाला. तिचे नाव आम्ही घेणार नाही. तिची तशी इच्छा आहे, आणि सभागृहातील निम्म्या मंडळींना ते ठाऊकच आहे.

आम्ही बी. ए. झालेले, संगणकाचे शास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु माणूस कामाला कसा लागतो, काम कसे शिकतो आणि शिकताना कोठे अडतो, हे तीस वर्षे कचेरीत पाहत आलो आहोत. त्या दृष्टीनेच आम्ही बोलणार आहोत.

या पाठ्यवृत्तीचे नाव 'आउटरीची'. तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ज्या आज्ञावली कोणालाही उघडून पाहता येतात, वापरता येतात आणि सुधारता येतात, त्यांना मुक्तस्रोत म्हणतात. त्या रचण्यासाठी गूगल कंपनीने २००५ साली विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात विद्यावेतन देण्यास प्रारंभ केला. पुढल्याच वर्षी, २००६ मध्ये, 'ग्नोम' नावाच्या प्रकल्पाकडे या योजनेखाली १८१ अर्ज आले. त्यांत एकही अर्ज स्त्रीचा नव्हता. प्रकल्पाच्या चालकांना हे खटकले आणि त्यांनी त्याच उन्हाळ्यात केवळ स्त्रियांसाठी तीन जागा जाहीर केल्या. काम तेच होते. फक्त 'स्त्रियांनी अर्ज करावेत' एवढे स्पष्ट लिहिले होते. शंभराच्या आसपास अर्ज आले आणि तिघींऐवजी सहाजणी घ्याव्या लागल्या! मध्यंतरी हा उपक्रम थांबला. २०१० साली मरीना झुराखिन्स्काया या अभियंता बाईंच्या पुढाकाराने तो पुन्हा सुरू झाला, आणि २०१५ पासून 'सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या छत्राखाली 'आउटरीची' या नावाने चालू लागला. तो आता केवळ स्त्रियांपुरता राहिलेला नाही. आपापल्या देशात या व्यवसायाची दारे ज्यांना सहजी उघडत नाहीत, अशा सर्वांसाठी आहे. मरीनाबाई २०२२ साली निवर्तल्या. २०२३ साली विद्यावेतन ७,००० डॉलर होते, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेसहा लाख रुपयांच्या घरात. अमेरिकेतील उमेदवारालाही तेवढेच आणि आपल्या मुलीलाही तेवढेच.

आकडा ऐकून मागच्या रांगेत कुजबुज झालेली दिसते. ती स्वाभाविक आहे, परंतु आमचा मुद्दा तो नव्हे.

ही कन्या येथेच वाढली. घरी मराठी, मैत्रिणींशी तेलुगू, वर्गात इंग्रजी. वडील पोलाद कारखान्यात. गुण चांगले, पण महाविद्यालयात कंपन्या मुलाखतींना आल्या, तेव्हा दोन ठिकाणी लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही ती तोंडी परीक्षेत मागे पडली. प्रश्नाचे उत्तर येत असूनही 'बरोबर असेल ना?' या धास्तीने ती गप्प राही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात गटात चार मुले आणि ही एकटी. यंत्रावर मुले बसत. अहवाल लिहिणे आणि तो सुबक बांधून आणणे हिच्याकडे. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. आपल्या घरीसुद्धा पंगतीत वाढावयाला कोण उठते आणि सतरंजीवर बसून राजकारण कोण बोलते, हे आपण पाहतोच.

अर्जाची पहिली पायरीच तिला अवघड गेली. या व्यवसायात आपल्यासारख्यांना कोणत्या अडचणी येतात, याविषयी स्वतःच्या अनुभवाने लिहावयाचे असते. वर सांगितलेली प्रकल्पाची हकिगत तिने लिहिली. ती वाचून वडील अस्वस्थ झाले आणि आमच्याकडे आले. म्हणाले, "साहेब, घरची नि कॉलेजची उणीदुणी परक्या लोकांना कळवून पैसे मिळवायचे, हे काही आम्हांला बरं दिसत नाही." त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. परगावी राहणाऱ्या कुटुंबाला आपली अब्रू अधिक जपावी लागते. येथे पाठीशी भाऊबंद नसतात. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, सरकारदरबारी अडचण लिहून दिल्याखेरीज कोणतीही सवलत मिळत नाही आणि लिहून देणाऱ्याला कोणी हलका मानीत नाही. दोन दिवसांनी त्यांनी होकार दिला.

निवडीची तऱ्हाही निराळी. मुलाखत नाही, लेखी परीक्षा नाही. प्राथमिक अर्ज मान्य झाला की सुमारे महिनाभर प्रत्यक्ष कामात हातभार लावावयाचा आणि तो पाहून मार्गदर्शकांनी उमेदवार निवडावयाचा. शिवाय विद्यार्थ्याला उमेदवारीच्या काळात सलग ४९ दिवस परीक्षा वा वर्ग नसल्याचे दाखवून द्यावे लागते. आपल्याकडील परीक्षांच्या तारखा कशा हलतात, हे येथील पालकांना सांगावयास नको. त्या एका दाखल्यासाठी हिला महाविद्यालयाच्या कार्यालयात पाच खेपा घालाव्या लागल्या.

आता खरा प्रसंग सांगतो. तो महिना मार्चचा होता. प्रकल्पाची आज्ञावली स्वतःच्या संगणकावर चालवून पाहणे हे पहिले काम. सूचना लिहिलेल्या होत्या. त्यांतील सहावी सूचना केली की तिचा जुना लॅपटॉप अडे. चार दिवस ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकटी झगडत राहिली. कोणाला विचारले नाही. का विचारले नाही? "काका, तिथं सगळं उघड्यावर असतं. माझा प्रश्न जगभरातले लोक वाचणार. एवढंही येत नाही म्हणतील," असे ती आम्हांला म्हणाली. पाचव्या दिवशी मार्गदर्शक बाईंचा निरोप आला. त्या युरोपात राहणाऱ्या. त्यांनी रागावून लिहिले नव्हते, की कौतुकही केले नव्हते. एक-दोन तासांहून अधिक काळ अडल्यास विचारावे, आणि विचारताना तीन गोष्टी लिहाव्यात: काय करावयाचे होते, काय केले, आणि काय झाले, इतकाच मजकूर.

हे वाचून आम्हांला आमच्या पहिल्या नेमणुकीची आठवण झाली. आमचे तेव्हाचे अधिकारी टिप्पणी लिहावयास शिकविताना हेच सांगत: विषय काय, आजवर काय झाले, आता अडचण कोठे आहे. फाइलीवर जे लिहिले त्याखाली सही असते आणि वरचा प्रत्येक अधिकारी ते वाचतो. मुक्तस्रोताची पद्धत आम्हांला पुष्कळशी तशीच वाटली. प्रत्येक ओळीखाली करणाऱ्याचे नाव, आणि समासात तपासणाऱ्याचे शेरे. फरक एवढाच की आमच्या फाइली कुलपात असतात.

तिने तीन मुद्द्यांत प्रश्न लिहिला. तासाभरात दोघांची उत्तरे आली, त्यांतले एक उत्तर 'आम्हीही येथेच अडलो होतो' असे! सूचनाच जुनी झाली होती. नव्या आवृत्तीला ती लागू पडत नव्हती. मग मार्गदर्शक बाईंनी सुचविले की, ती सूचना दुरुस्त करून पाठव. ती दुरुस्ती तपासली गेली, तीन वेळा परत आली, चौथ्या खेपेस स्वीकारली गेली. हेच तिचे प्रकल्पातील पहिले काम. मे महिन्यात निवडीचे पत्र आले.

पुढचे तीन महिने आठवड्याला ३० तास काम. मार्गदर्शकांशी बोलणे रात्री साडेनऊला, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ. घर दोन खोल्यांचे. त्यामुळे तेवढा वेळ आजोबांची दूरदर्शनची बातमीपत्रे मुकी झाली. हा त्याग आजोबांनी कुरकुर करीत पण नियमाने केला. पैसे आले तेव्हा बँकेने रकमेचा हेतू कोणता म्हणून विचारले. तो अर्ज भरून देण्यापुरता आमचा उपयोग झाला.

या काळात उमेदवाराला मधूनमधून जाहीर टिपणे लिहावी लागतात. त्यांपैकी एकाचा विषय ठरलेला असतो: 'प्रत्येकजण धडपडतो'. आपण कोठे अडलो आणि कसे सुटलो, हे स्वतःच्या नावाने लिहावयाचे. हिने त्या चार रात्रींबद्दल लिहिले. आई धास्तावली. "उद्या स्थळ पाहायला आलेल्यांनी वाचलं तर?" आम्हांला हसू आले, पण आईची भीती आपल्या सर्वांच्याच घरची आहे. मूल पडले तर आपण आधी आजूबाजूला कोणी पाहिले का ते पाहतो. मार्कांची यादी आपण पेढ्यांसह घरोघर पोचवितो आणि नापास विषयाची वाच्यता करीत नाही. अशा घरांतून आलेले मूल कचेरीत प्रश्न विचारावयास कचरते, आणि साहेब समजतो की त्याला काही येत नाही.

शेवटच्या टप्प्यात नोकरीची तयारी करवून घेतात. या व्यवसायातील अनोळखी व्यक्तींना पत्र लिहून, त्यांचे काम कसे चालते ते विचारावे, असे सांगतात. नोकरी मागावयाची नाही, फक्त माहिती विचारावयाची. हिने सातजणांना लिहिले. चौघांनी वेळ दिला. तिचा बायोडेटाही पार बदलला. पहिल्यात वडिलांचे नाव, उंची, 'वाचन व संगीताची आवड' असे सारे होते. तो थोडासा वरसंशोधनाच्या कागदासारखाच होता म्हणा ना! नव्यात फक्त काय केले आणि ते कोठे पाहावयास मिळेल, एवढेच.

आता आपण विचाराल, नोकरी लागली का? ही पाठ्यवृत्ती नोकरीची हमी देत नाही. काळही वाईट होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने ११,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले होते, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,०००. ऑगस्टअखेर हिची मुदत संपली आणि त्यानंतर सात महिने ती अर्ज करीत होती. पुण्याच्या आत्याबाईंनी 'एवढे डॉलर मिळाले, मग आता काय झाले?' असे फोनवर विचारून घेतले. अखेर २०२४ च्या एप्रिलमध्ये हैदराबादला एका लहान कंपनीत काम मिळाले. पगार आत्याबाईंच्या मुलापेक्षा कमी आहे. मुलाखतीत तिला प्रमाणपत्रांविषयी फारसे विचारले नाही. तिच्या जाहीर कामातील एक परत आलेली दुरुस्ती समोर ठेवून 'ही का परत आली होती?' असे विचारले. त्यावर ती पाऊण तास बोलली. तोंडी परीक्षेत गप्प राहणारी हीच मुलगी.

सरकारनेही या दिशेने पुष्कळ केले आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर त्यात आले, २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांचीही सोय झाली. २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना पाचशे मोठ्या कंपन्यांत अनुभव देणारी योजना जाहीर झाली. कायद्याने जागा आणि विद्यावेतन मिळू शकते. परंतु रोज काम तपासून तीन वेळा परत पाठविणारा आणि तरीही चौथ्यांदा वाट पाहणारा मार्गदर्शक कायद्याने नेमता येत नाही, हे आम्ही सरकारी नोकर असूनच बोलतो आहोत.

आणि म्हणून सुवर्णमहोत्सवी निधीचा विषय. सभागृह वातानुकूलित करावे, अशी एक सूचना कार्यकारिणीपुढे आहे. सभागृहाच्या भाड्यावर मंडळ चालते, हा कोषाध्यक्षांचा मुद्दा आम्ही नाकारीत नाही. आमची सूचना लहान आहे: ग्रंथालयाच्या मागची खोली दुरुस्त करावी, दहा खुर्च्या, दोन संगणक, चांगली इंटरनेटची जोडणी. रविवारी सकाळी दोन तास. बंदरात, नौदलाच्या गोदीत, पोलाद कारखान्यात, बँकेत, संगणकाच्या व्यवसायात असलेल्या सभासदांनी पाळीपाळीने बसावे. मुलांनी आपला बायोडेटा, अर्ज, अडलेले काम घेऊन यावे आणि मराठीत विचारावे. तेलुगूत आणि इंग्रजीत जे विचारावयाचा संकोच वाटतो, ते आपल्या भाषेत निदान पहिल्यांदा विचारता येईल. मंडळाच्या प्रारंभीच्या काळात नवा मनुष्य गाडीतून उतरला की त्याला कोणी ना कोणी घरी उतरवून घेई आणि शिधापत्रिका कोठे मिळते, मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हे सांगे. ज्येष्ठ सभासदांपैकी कित्येकजण त्याच आधारावर येथे स्थिरावले आहेत. त्यांची नातवंडे मात्र गणपतीत आरतीपुरती येतात आणि प्रसाद घेऊन जातात, कारण येथे त्यांच्या कामाचे काही नाही.

खर्चाचा अंदाज आम्ही चिटणीसांकडे दिला आहे. छताची गळती थांबविण्याची रक्कम त्यात धरली आहे. विषय पुढील सर्वसाधारण सभेत येईल. विरोध असणाऱ्यांनी त्या सभेस अवश्य यावे. पहिल्या रविवारी हैदराबादहून संगणकाच्या पडद्यावरून बोलण्याचे त्या कन्येने कबूल केले आहे, आणि आजवर सहा मुलांनी नावे दिली आहेत. सातवे नाव कोणाला द्यावयाचे असल्यास, ग्रंथालयाच्या टेबलावर वही ठेवली आहे.