टाळेबंदीचा हिशोब : सरकारचा आणि आपलाही

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



वर्धापन दिनाला विहाराचा इतिहास सांगावा, दानदात्यांचे आभार मानावे, अशी आपली रीत आहे. पण यंदा समितीने आम्हाला वेगळा विषय दिला. झालं असं की, मध्यंतरी विहाराच्या ओट्यावर आपल्या तरुणांचा कोरोनाच्या टाळेबंदीवरून वाद पेटला. एक म्हणाला, टाळेबंदी केली म्हणून आपण वाचलो. दुसरा म्हणाला, रोगापेक्षा टाळेबंदीनेच गरीब मेला. वाद इतका चढला की शेवटी कोण कोणत्या पक्षाचा, यावरच गाडी आली. तेव्हा समितीचे म्हणणे पडले की ह्या विषयावर सर्वांसमोर, शांतपणे, एकदा बोलले पाहिजे. म्हणून आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

प्रथम काय घडले ते आठवू. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ मार्चला रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी सांगितले की आज मध्यरात्रीपासून सारा देश २१ दिवस बंद. म्हणजे लोकांच्या हाती चार तास! रेल्वे तर आधीच थांबलेली होती. मग २१ दिवसांचे वाढत वाढत ३१ मे झाले.

कौंडण्यपूरच्या माणसाला जिल्ह्याची सीमा म्हणजे काय ते नकाशात पाहावे लागत नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा. आपल्या लेकी-सुना आर्वीकडच्या, सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा. पुलावर अडवणूक झाली आणि नदीपलीकडचं माहेर परमुलखात गेलं. इकडे शेतकऱ्याच्या घरात कापूस पडून होता आणि सरकारी खरेदी बंद. उन्हाळ्याच्या तोंडावर घरात कापसाचे ढीग, लेकरांच्या अंगाला खाज, आणि हाती पैसा नाही, हे आपण सर्वांनी भोगलेले आहे.

आता वादातल्या दोन्ही बाजू ऐकू. टाळेबंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या दिवशी देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते, पण लस नव्हती, तपासणीची सोय अपुरी होती, डॉक्टर-नर्सना घालायला पुरेसे संरक्षक कपडे नव्हते. दवाखान्यांना तयारीसाठी वेळ हवा होता. रोग माणसामाणसातून पसरतो, तर माणसांनी अंतर ठेवणे हाच त्या वेळचा उपाय होता. हे विज्ञान आहे आणि ते आपण मान्य केलेच पाहिजे.

विरोधात बोलणाऱ्यांचेही खोटे नव्हते. घरात बसा म्हटले, पण ज्याचे घर चारशे कोसांवर, त्याने कुठे बसावे? रोज कमावून रोज खाणाऱ्याने काय खावे? रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळाले, जनधन खात्यात महिलांना तीन महिने ५०० रुपये आले, शिवभोजन थाळी ५ रुपयांत मिळाली. हे झाले, ते नाकारू नये. पण ज्याचे रेशनकार्ड गावी आणि पोट सुरतेला किंवा पुण्याला, त्याला त्या धान्याचा काय उपयोग?

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळाच्या कडेने भुसावळकडे चालले होते, तिथून गाडी मिळेल म्हणून. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले. मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळावर त्यांच्या भाकरी पडलेल्या होत्या, ते चित्र सगळ्या देशाने पाहिले. त्याच सप्टेंबरात संसदेत सरकारला विचारले गेले की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले? केंद्राच्या श्रम मंत्रालयाचे उत्तर होते की अशी माहिती ठेवलेली नाही. गावी परतलेल्यांचा आकडा होता, १ कोटी ४ लाखांहून जास्त. वाटेत मेलेल्यांचा नव्हता. पुढे रोगाने मेलेल्यांच्या मोजणीवरूनही असाच वाद झाला. २०२१ अखेरपर्यंतची सरकारी नोंद सुमारे ४ लाख ८० हजारांची, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांचा दिला. सरकारने तो अंदाज मान्य केला नाही.

बंधू-भगिनींनो, माणूस मेला आणि तो मोजलाच गेला नाही, याचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रातही वाद कमी झाला नाही. मे महिन्यात दारूची दुकाने उघडली, पण मंदिरे-विहारे बंदच. ऑगस्टच्या अखेरीस अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी पंढरपूरला विठ्ठल मंदिर उघडण्यासाठी आंदोलन केले. ऑक्टोबरात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले, वर्तमानपत्रे त्याने भरली. शेवटी १६ नोव्हेंबरला दारे उघडली. आम्हाला आज एवढेच वाटते की ज्या तावातावाने देवळाच्या दाराची चर्चा झाली, तेवढी करमाडच्या सोळा जणांची झाली असती तर!

आपल्या समाजाने मात्र त्या काळात शिस्त पाळली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १४ एप्रिल २०२० ची जयंती आपण घरात दिवा लावून साजरी केली. दीक्षाभूमीला गेलो नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो नाही, टीव्हीसमोर हात जोडले. आपल्याच गावची रुक्मिणीमातेची पालखीही २०२१ मध्ये पायी न जाता बसने पंढरपूरला गेली. वर्षानुवर्षांची वाट लोकांनी सोडली, ती दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली, राज्यात इतरत्र व्यवहार सुरू असताना आपल्याकडची दुकाने बंद झाली. एप्रिल-मे तर कोणी विसरू शकत नाही. या सभागृहात अशी घरे आहेत, ज्यांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही.

आता जे सांगायचे आहे ते जड आहे, पण विहारात खोटे बोलू नये.

टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत आमच्याकडे गावोगावी वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या, तशा आपणही टाकल्या. 'बाहेरच्यांना प्रवेश बंद' अशी पाटी आपल्याच पोरांनी रंगवली आणि आम्ही शाबासकी दिली. एप्रिलमधली एक संध्याकाळ होती. कुऱ्ह्याच्या बाजूने सात-आठ माणसं पायी आली, छत्तीसगडची. दोन बाया, एक लेकरू. त्यातली एक बाई म्हणाली, "भैया, बच्चे के लिए पानी मिलेगा?" आपल्या एका पोराने गडवा आणला आणि दुरून, उंचावरून तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. रोगाचे भय होते.

तिथे आपल्या वस्तीतली एक म्हातारी माय उभी होती. ती एकदम रडायला लागली. म्हणाली, "अरे बापू, असंच वरतून पानी वतत होते आमच्या ओंजळीत. म्या लहान असतानी पायलं. तू आंबेडकराचा पोरगा अन् तूही तसंच करतं काय?"

पोरगा गडबडला. म्हणाला, "माय, रोग हाय." तेव्हा ती म्हणाली, "रोगाचं भेव हाय तं दूर राय. पन त्यायले गुंड भरून दे, त्यायच्या हातानं पिऊ दे."

तिने स्वतः गुंड भरून काट्यांपलीकडे ठेवला आणि मागे सरकली. अंतर तितकेच राहिले. पण त्या बाईने स्वतःच्या हाताने पाणी घेतले आणि लेकराला पाजले.

त्या रात्री आपण विहाराच्या अंगणात लांब लांब उभे राहून सभा घेतली. काही म्हणाले पोलीस येतील, काही म्हणाले रोग येईल. दोन्ही भये खरी होती. शेवटी ठरले की विहाराची पडवी उघडायची, भाकरी-झुणका द्यायचा, आणि आपल्यापैकी कोणी जवळ जायचे नाही. सकाळी आशाताईंनी ताप पाहिला आणि मग ती मंडळी तालुक्याच्या निवारा केंद्रात गेली. पण त्याआधीच्या दिवसांत आपण वेशीवरून किती जणांना परत पाठवले? पाणीही न देता किती गेले? विहाराच्या वहीत त्याची नोंद नाही. सरकारने मोजले नाही म्हणून आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण आपणही मोजले नाही, हेही बोलले पाहिजे.

त्या काळात एक शब्द फार चालला, 'सोशल डिस्टन्सिंग', म्हणजे सामाजिक अंतर. आपल्या लोकांनी लगेच हरकत घेतली की हा शब्द आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, तो पुन्हा नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. काहींना वाटले, शब्दाचा कीस कशाला काढता? पण त्या मायने काय फरक असतो ते दाखवून दिले. शरीराचे अंतर रोगाला अडवते. सामाजिक अंतर माणसाला अडवते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, ते आपल्या हाताने घेतले, हे आपण विसरता कामा नये.

तथागतांच्या काळातही वैशालीत दुष्काळ आणि रोगराई आली होती. परंपरा सांगते की तथागत स्वतः तिथे गेले आणि तेव्हा रतन सुत्ताचे पठण झाले. दुसरी गोष्ट आपण विनयात ऐकतो. एक आजारी भिक्खू घाणीत पडून होता, कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली आणि संघाला सांगितले की जो आजाऱ्याची सेवा करील त्याने माझी सेवा केली. आपल्या महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी हेच केले. मुंढव्याच्या एका महार मुलाला दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोग कायदा केला. पुण्यात घराघरांत सोल्जर शिरले, लोक संतापले, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला तो हाच १८९७ चा कायदा. लोकांनी काय करावे, न ऐकल्यास काय शिक्षा, अधिकाऱ्याला काय संरक्षण, हे त्यात आहे. भाकरीची आणि मजुरीची एक ओळही नाही. इंग्रजाने ती लिहिली नाही हे समजू शकते. आपण स्वतंत्र झाल्यावरही लिहिली नाही, हा खरा प्रश्न आहे.

वाद केल्याने काही होते का, असे तरुण विचारतात. होते. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा २८ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मजुरांकडून रेल्वेचे भाडे घेऊ नका, त्यांना अन्न-पाणी द्या. जून २०२१ मध्ये न्यायालयाने एक देश एक रेशनकार्ड सर्व राज्यांनी लागू करावे म्हणून मुदत घातली. त्याच ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम सुरू झाले. कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळाले, तेही न्यायालयात दाद मागितल्यावर. म्हणून वाद थांबवू नका. फक्त तो पक्षाचा करू नका. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. आपल्या पक्षाच्या सरकारला प्रश्न न विचारणे हीही भक्तीच आहे. आणि वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने विचार करतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागत म्हणाले होते. ओट्यावरचा वाद हे आपले जमणेच आहे, एकोपा तेवढा ठेवा.

शेवटी विहार समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, आपल्या वस्तीतून पुण्या-मुंबईला, सुरतेला कामाला गेलेल्या प्रत्येकाचे नाव, ठिकाण आणि फोन लिहिलेली वही महिला मंडळाकडे असावी. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर आपला माणूस कुठे आहे, हे निदान आपल्याला माहीत असेल. दुसरी, दर पौर्णिमेला घरटी शेरभर धान्य विहाराच्या कोठीत जमा व्हावे, आणि त्यावर वाटसरूचाही हक्क असावा. तिसरी, येत्या ग्रामसभेत आपण विचारावे की पुन्हा साथ आली तर गावात भाकर कोण देणार, निवारा कुठे असणार, आणि वेशीवर आलेल्याची नोंद कोण ठेवणार.

ती माय आज आपल्यात नाही. तिचा गुंड तिच्या सुनेने विहाराला दान दिला आहे. तो पडवीत पाण्याने भरून ठेवलेला असतो, जाता-येता कोणीही पितो. आजचा कार्यक्रम संपल्यावर तुम्हीही त्यातलं पाणी प्या, आणि तो रिकामा राहणार नाही याची पाळी आपसात लावून घ्या, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!
भवतु सब्ब मंगलं.