होम रिसॉर्टच्या बाहेरची खोली

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



भरीत-भाकरी आणि वर जिलबी झाल्यावर भाषण ऐकायला बसवणं हा अन्याय आहे, हे मला मान्य आहे. विषयाचं नाव पुकारल्यावर मागच्या रांगेत जो हशा झाला तोही मी ऐकला. आठवीत फळ्यावर उभं केलं की त्याच कोपऱ्यातून हसू यायचं. पण हा विषय मी संयोजकांकडून मागून घेतला आहे. कारण या सभागृहातलंच एक देणं माझ्याकडे बाकी आहे.

२०१९च्या मेळाव्यात मी लॅपटॉप उघडून ऊटीचे फोटो दाखवले होते, काहींना आठवत असेल. चहाचे मळे, लाकडी जिना, बाल्कनीत मी आणि बायको. ‘वर्षाला सात दिवस, पंचवीस वर्षं, खोलीचं भाडं नाही,’ असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं. तिघांनी कंपनीचा नंबर उतरवून घेतला. त्यातल्या एकाला तेव्हा वाळूजच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळायचे होते. ते मिळाले आणि फेब्रुवारी २०२०मध्ये त्यानं तीन लाख वीस हजार रुपये भरले. नवा सभासद आणून दिल्याबद्दल मला तीन हजारांचं व्हाउचर मिळालं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी सांगितलं, आणि आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. ‘नाव घेऊ नको, बाकी सगळं सांग,’ म्हणाला.

टाइमशेअर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. रिसॉर्टमधली खोली वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती वापरण्याचा हक्क आपण बऱ्याच वर्षांसाठी विकत घेतो. खोली आपली होत नाही, सातबारा नाही, फक्त मुक्काम आपला. युरोपात ही कल्पना १९६०च्या दशकात निघाली. आपल्याकडे चेन्नईची स्टर्लिंग कंपनी १९८६ साली उभी राहिली, महिंद्रांची १९९६ साली, आणि तिचं पहिलं रिसॉर्ट मुन्नारला होतं. माझी कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण मी आज रडगाणं गायला उभा नाही.

करारात एक ‘होम रिसॉर्ट’ असतं. माझं ऊटी. इथून हजाराहून जास्त किलोमीटरवरचं हे माझं ‘घर’, जिथे मी सोळा वर्षांत दोनदा गेलो. आमच्या मित्राचं मनाली. त्यानं विक्रेत्याला विचारलं होतं, की बाबा, आमच्या घरी ऐंशीची आई आहे, मनालीला कोण जाणार? उत्तर आलं, ‘सर, देशात कुठेही जा.’ हे उत्तर खोटं नव्हतं. पण करारात पुढे चार शब्द होते: खोली उपलब्ध असेल तर.

त्या चार शब्दांत सगळं आलं. आमच्या करारात घरच्या सभासदाला नऊ महिने आधी खिडकी उघडते, बाहेरच्याला तीन महिने आधी. म्हणजे गोव्याच्या रिसॉर्टमधल्या डिसेंबरच्या खोल्या गोवा ज्यांचं घर आहे ते मार्चमध्येच घेऊन टाकतात. आपण सप्टेंबरात पोचतो तेव्हा उरलेलं वाढलं जातं. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याला यजमान नाही म्हणत नाही, पण पातेल्यात असेल तेच मिळतं.

पहिली दोन वर्षं कोरोनात गेली. २०२२, २०२३, दोन्ही वर्षी मित्रानं मे आणि दिवाळी मागितली, दोन्ही वर्षी नकार. वार्षिक देखभाल शुल्क अठरा हजार मात्र वेळेवर भरलं, कारण ते जा अगर न जा, भरावंच लागतं. आता गणिताच्या बाई समोर आहेत म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. तीन लाख वीस हजार भागिले पंचवीस, वर्षाला बारा हजार आठशे. त्यात अठरा हजार मिळवले की तीस हजार आठशे. सातही रात्री राहिलात तर रात्र चार हजार चारशेला पडली. दोनच राहिलात तर पंधरा हजार चारशेला. एकही नाही राहिलात तर भागाकार करता येत नाही, हे बाईंनीच शिकवलंय. यात शुल्काची दरवर्षीची वाढ धरली नाही, जेवण धरलं नाही आणि भरलेल्या रकमेचं बुडालेलं व्याजही धरलं नाही.

तो मला काही बोलला नाही. त्याच्या बायकोनं एका लग्नात माझ्या बायकोला सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग २०२४ची दिवाळी झाली. ७ नोव्हेंबरला त्याचा फोन आला. जर्मनीतल्या मुलाला अचानक रजा मिळाली होती, २२ तारखेला येणार, दहा दिवस राहणार. आणि आजीनं नातवाकडे एकच मागणं केलं होतं: समुद्र पाहायचाय, आणि पुळ्याचा गणपती. चौऱ्याऐंशी वर्षांत पैठणची गोदावरी आणि जायकवाडीचं धरण यापलीकडे मोठं पाणी तिनं पाहिलं नव्हतं. कॉल सेंटरनं कोकण ‘पूर्ण भरलेलं’ सांगितलं. हॉटेलची खोली पैसे देऊन मिळाली असती, नाही असं नाही. पण तो म्हणाला, ‘चार वर्षं भरतोय रे. एकदा तरी यातून आईला न्यायचंय.’

मी सिडकोत, एन-सातला त्याच्या घरी गेलो, करार मागवला आणि पाच रात्री आम्ही दोघं दहावीच्या अभ्यासाला बसल्यासारखे बसलो. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘भरलेलं’ हे त्या मिनिटापुरतं असतं. लोक रद्द करतात. आणि कधी रद्द करतात ते करारातच लिहिलेलं असतं. आमच्याकडे पंधरा दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर सगळ्या रात्री खात्यात परत येतात, त्यानंतर कापल्या जातात. त्यामुळे ज्यांचं जाणं डळमळीत असतं ते पंधराव्या-सोळाव्या दिवसापर्यंत खोली धरून ठेवतात आणि मग सोडतात. तुमच्या करारात हा आकडा वेगळा असेल, तो शोधा. आम्हाला २६ तारीख हवी होती, म्हणून १० आणि ११ नोव्हेंबरला आम्ही सकाळी, दुपारी आणि रात्री साइट उघडून बघायचं ठरवलं. प्रतीक्षा यादीत नाव घातलं होतंच, पण नुसत्या यादीवर बसलो नाही.

दुसरं, आमचं मागणंच चुकीचं होतं. तो शुक्रवार ते सोमवार, एक बेडरूमची मोठी खोली, तीन रात्री सलग, असं मागत होता. सगळा महाराष्ट्र तेच मागतो. आम्ही मंगळवार-बुधवार केलं, मोठी खोली सोडून दोन लहान स्टुडिओ पाहिले आणि सलग तीन रात्रींचा हट्ट सोडून दोन रात्री इथे, दोन तिथे असं शोधलं. ही मोकळीक निवृत्तांकडे असते, नोकरदारांकडे नसते, आणि आपण मात्र अजून शनिवार-रविवारच धरून बसतो.

पंचांग आणि शाळांच्या सुट्ट्या बघायला तर मला फारच मजा आली. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत गुजरात घराबाहेर असतो. दुर्गापूजेला बंगाल निघतो. दसऱ्याला कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी. नाताळचं तर बोलायलाच नको. या लाटांच्या मधे जे ओहोटीचे आठवडे असतात ते आपले. २०२४ला लाभपंचमी ६ नोव्हेंबरला सरली होती आणि २० तारखेला आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं. मास्तर मंडळी ड्यूटीवर, कार्यकर्ते प्रचारात. मतदानानंतरचा आठवडा तसा मोकळाच असणार, असा आमचा अंदाज होता.

११ तारखेला रात्री पावणेअकराला गणपतीपुळ्याजवळ एक स्टुडिओ दिसला. २६ आणि २७, मंगळवार-बुधवार. मित्राचा हात माउसवर थरथरत होता. त्याच्या खात्यातून तो घेतला. दुसरा स्टुडिओ तासाभरानं सुटला, तो मी माझ्या खात्यातून घेतला आणि पाहुण्याच्या नावाचं पत्र काढलं. सभासद स्वतः जात नसेल तर हे पत्र लागतं, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसेही पडतात. ते न काढता गेलात तर स्वागतकक्षात आईला बाकड्यावर बसवून फोनाफोनी करावी लागेल.

पुढच्या दोन रात्री गोव्यात बघत होतो, पण आजी म्हणाल्या, गोव्यात माझं काय काम. ते तिथेच संपलं.

इथे एक्सचेंज कंपन्यांबद्दल सांगायला हवं, कारण मागे आपल्या एका मैत्रिणीनं विचारलं होतं. आरसीआय ही त्यातली जुनी, १९७४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एका जोडप्यानं सुरू केलेली. इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ची. आपला आठवडा तिथे जमा करायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी घ्यायचा. आपल्याकडे पेवात धान्य ठेवायचे तसंच, फक्त इथे ज्वारी ठेवून गहू मागता येत नाही. ऊटीचा मे महिन्यातला आठवडा म्हणजे गहू. मनालीचा भर पावसातला आठवडा म्हणजे कोंडा. कुठलं ठिकाण, कुठला हंगाम, खोली केवढी आणि जमा किती आधी केली, यावर त्याची किंमत ठरते. शेवटच्या क्षणी जमा केलेल्या आठवड्याला भाव उरत नाही. म्हणून यंदा जायचं नाही असं दिसलं की लगेच जमा करा, वर्ष संपायची वाट पाहू नका. पण उलट बाजूही आहे. मुक्कामाची तारीख जवळ आली की त्यांच्याकडच्या न खपलेल्या खोल्या स्वस्त होतात. इंटरव्हलकडे तारखेला ५९ दिवस किंवा कमी उरले की एका वेगळ्या योजनेत हलका आठवडा देऊनही भारी खोली मिळू शकते. म्हणजे पेवातला कोंडा अशा वेळी कामी येतो. मात्र त्यांची सभासद फी आणि दर अदलाबदलीची फी वेगळी, ती हिशेबात धरा. पुणे-मुंबईजवळच्या दोन रात्रींसाठी हा खटाटोप करू नये, असं माझं मत आहे.

आणि एक सावधगिरी. मित्राच्या बायकोला मधल्या काळात एक फोन आला होता. ‘तुमची मेंबरशिप साडेचार लाखांना विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणीचे पंचवीस हजार आधी पाठवा.’ तिनं पाठवले नाहीत, कारण तिला पासबुक सापडेना! विकून देणारा आधी पैसे मागतो तिथे फोन ठेवून द्या. आपले काही सर आणि बाई पेन्शनवर आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. कंपनीनं कबूल केलेलं दिलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. करारावर चेन्नई किंवा दिल्लीचा पत्ता आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. युरोपात असा करार केल्यावर १४ दिवसांत विनाकारण मागे फिरता येतं, तिथे तसा नियमच आहे. आपल्याकडे करारात काय मुदत दिलीय ती सही करायच्या आधी वाचायची. मी वाचली नव्हती. लकी ड्रॉमधला डिनर सेट गाडीत ठेवण्यात मी गुंतलो होतो.

तर २६ तारखेला मंडळी पुळ्याला पोचली. पुण्याला एक मुक्काम, मग कराड, कोयनेवरून कुंभार्ली घाट. मी नव्हतो, पण मुलानं व्हिडिओ पाठवला. आजींनी आधी देवळाकडे तोंड करून हात जोडले. मग वळून बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या. नातवानं विचारलं, ‘कसं वाटतंय, आजी?’ त्या म्हणाल्या, ‘एवढं पाणी, अन् आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी!’ व्हिडिओत त्याचं हसणं ऐकू येतं, आणि मागे याचंही. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

यंदा त्याच्या खात्यात अकरा रात्री आहेत. शिल्लक राहिलेल्या चार पुढच्या वर्षी नेता येतात, हेही आम्हाला त्या पाच रात्रींतच कळलं. त्यानं फेब्रुवारीतला सोमवार ते गुरुवार धरला आहे, मीच शोधून दिला. सदस्यत्व ठेवायचं की कंपनीला परत करायचं यावर आमचं अजून एकमत नाही. मी म्हणतो सोड, तो म्हणतो आई आहे तोवर राहू दे.

बाकी दोघांनीही त्या २०१९च्या संध्याकाळी नंबर घेतला होता. एकानं सुदैवानं फोनच केला नाही. दुसरीनं घेतलंय, आणि ती आज आली आहे हे मला माहीत आहे. चहानंतर मी व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसतो. तिनं आणि आणखी ज्यांनी कुणी घेतलं असेल त्यांनी करार घेऊन या, मोबाइलवर फोटो असला तरी चालेल. चष्मा विसरू नका, अक्षर फार बारीक असतं. आणि त्या तीन हजारांच्या व्हाउचरमधून आजचा चहा आहे, तो मात्र सगळ्यांनी घ्या.